रॅम कोण खातंय?

लॅपटॉप चालू करून पाच मिनिटं झाली आहेत, एक ब्राउझर सोडला तर काही उघडलेलं नाही, आणि तरी मेमरी ८५ टक्के भरलेली दिसते. चालू प्रोग्रामांची यादी बघावी तर त्यात एवढं खाणारं कोणी सापडत नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘फॉरमॅट मारून घ्या’. दुसरा, ‘रॅम टाकून घ्या’. पहिल्यात घरचे फोटो आणि टॅलीचा डेटा पणाला लागतो, दुसऱ्यात खिसा रिकामा होतो. आणि दोष एखाद्या बिघडलेल्या ड्रायव्हरचा असेल तर नवी रॅमही तशीच भरते, फक्त थोडी उशिरा.

त्याआधी तासभर काढला तर बहुतेक वेळा कारण आपल्याला घरीच सापडतं. त्यासाठी संगणकशास्त्र यायला नको. बेरीज-वजाबाकी येत असली की भागतं. इथे दिलेल्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. बटणांची आणि पानांची नावं पडद्यावर इंग्रजीत असतात, म्हणून ती तशीच ठेवली आहेत.

आधी दोन शब्दांत रॅमविषयी. या क्षणी जे काम चालू आहे ते संगणक रॅममध्ये ठेवतो. लॅपटॉप बंद झाला की ती पुसली जाते. फोटो, फाइली, प्रोग्राम कायमचे राहतात ते डिस्कवर. रॅम डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान असते. ती कमी पडली की विंडोज त्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. लॅपटॉप रखडतो तो या ने-आणीत.

म्हणून पहिला प्रश्न: लॅपटॉप खरंच रखडतोय का? नुसत्या टक्क्यांवरून काही ठरत नाही. एका खिडकीतून दुसरीत जाताना पडदा क्षणभर गोठतो, टाइप केलेली अक्षरं मागाहून उमटतात, ब्राउझरमधलं जुनं पान परत उघडायला गेलं की ते नव्याने लोड होतं, अशी लक्षणं असतील तर रॅम कमी पडते आहे असं समजावं. ८ जीबीचा लॅपटॉप नुसता चालू केल्यावर निम्म्याच्या आसपास भरलेला दिसणं हे आजच्या विंडोजमध्ये नेहमीचंच आहे. १६ जीबीच्या लॅपटॉपवर तेच प्रोग्राम आणखी जास्त जागा घेतात, कारण जागा असेल तर वापरायची हे विंडोजचं धोरणच आहे. रिकामी रॅम कोणाच्याही कामाची नसते.

इथेच लोक ‘रॅम क्लीनर’ किंवा ‘रॅम बूस्टर’ नावाच्या प्रोग्रामांच्या नादी लागतात. ते बटण दाबलं की टक्के झरझर उतरतात आणि बरं वाटतं. प्रत्यक्षात त्या प्रोग्रामने चालू कामाचा मजकूर जबरदस्तीने रॅमबाहेर हाकललेला असतो. पुढच्या मिनिटाला तोच मजकूर लागतो, परत आणावा लागतो, आणि लॅपटॉप आधीपेक्षा जास्त रखडतो. असा एखादा प्रोग्राम बसवलेला असेल तर शोध सुरू करण्याआधी तो काढून टाकावा. आकडे खोटे दिसत असतील तर हिशेब जुळणार कसा?

आता लॅपटॉप रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्ट. हा फरक बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि नेमकी इथेच पहिली गफलत होते.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची एक सोय आली. लॅपटॉप लवकर चालू व्हावा म्हणून शट डाउन करताना विंडोज आपले प्रोग्राम बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि सगळे ड्रायव्हर रॅममध्ये ज्या अवस्थेत आहेत तसेच डिस्कवर लिहून ठेवतं. सकाळी बटण दाबलं की तेच परत रॅममध्ये आणतं. ड्रायव्हर म्हणजे वायफाय, पडदा, टचपॅड अशा भागांशी विंडोजला बोलता यावं म्हणून लिहिलेला छोटा प्रोग्राम. त्यातल्या एखाद्याने कालच दोन जीबी अडवून ठेवले असतील तर ते दोन जीबी रात्री जपून ठेवले जातात आणि सकाळी आपल्याला साभार परत मिळतात. ‘रोज बंद करतो हो, तरी चालू केल्या केल्या भरलेलाच असतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉपमध्ये आत्ता काय चालू आहे याची ही नोंदवही. त्यात परफॉर्मन्स या पानावर सीपीयूवर क्लिक केलं की खाली अप टाइम लिहिलेला दिसतो: शेवटच्या खऱ्या सुरुवातीपासून गेलेले दिवस, तास, मिनिटं. रोज शट डाउन करूनही इथे दोन-तीन आठवडे दिसले तर बिचकू नका, कारण आत्ताच सांगितलं. नुसतं झाकण मिटवणारे तर पुष्कळच असतात. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, रॅममधलं काहीच रिकामं होत नाही.

रीस्टार्ट केल्यावर ही सोय आड येत नाही; सगळं नव्याने सुरू होतं. फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘पॉवर बटणांनी काय करावं’ या अर्थाच्या दुव्यावर क्लिक करा आणि फास्ट स्टार्टअपपुढची खूण काढा. एसएसडी असलेल्या लॅपटॉपला सुरू व्हायला त्यामुळे काही सेकंद जास्त लागतील, इतकंच. मला विचाराल तर ती खूण काढलेलीच बरी.

रीस्टार्टनंतर दहा मिनिटं काही न उघडता थांबा. सुरुवातीला अँटिव्हायरस, अपडेट, क्लाउडमधल्या फाइली जुळवणारे प्रोग्राम अशा सगळ्यांची लगबग असते. त्या गर्दीत घेतलेला आकडा कामाचा नाही. दहा मिनिटांनी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी असं जाऊन इन यूज, म्हणजे वापरात असलेल्या मेमरीचा आकडा कागदावर लिहून ठेवा. नेहमीसारखं काम करा. संध्याकाळी सगळं बंद करून, पण लॅपटॉप चालूच ठेवून, तोच आकडा पुन्हा लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

या दोन-तीन आकड्यांवरून आजाराची जात कळते. आकडा पहिल्यापासूनच मोठा असेल तर लॅपटॉपसोबत आपोआप सुरू होणारं काहीतरी जागा अडवून बसलं आहे. सुरुवातीला ठीक आणि मग प्रोग्राम बंद केले तरी रोज वाढतच जात असेल तर ती गळती. म्हणजे एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर मेमरी मागून घेतो आणि काम संपल्यावर परत करायला विसरतो. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून हा कागद जपून ठेवा.

आता टास्क मॅनेजरचं प्रोसेसेस हे पान. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम किंवा त्याचा एक भाग. मेमरी या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड नाव वर येतं. नावाच्या डावीकडे छोटा बाण असेल तर त्यावर क्लिक करा. आत लपलेले तुकडे दिसतात.

बहुतेक घरांत सगळ्यात वर ब्राउझरच असतो. क्रोम किंवा एज प्रत्येक संकेतस्थळासाठी शक्यतो वेगळी प्रोसेस चालवतो. एक पान कोलमडलं तर बाकीची वाचावीत आणि एका स्थळाला दुसऱ्याचा मजकूर चोरता येऊ नये म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. क्रोमने संगणकावर ते २०१८ मध्ये सर्वांसाठी लागू केलं. सुरक्षेची किंमत रॅममध्ये मोजली जाते. ती मोजावीच, पण नेमकं कोणतं पान किती घेतंय हे कळलेलं बरं. त्यासाठी ब्राउझर उघडा ठेवून शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, नावानिशी दिसतं.

एक्स्टेन्शन्सकडे नीट लक्ष द्या. कधीतरी पीडीएफ जोडायला किंवा व्हिडिओ उतरवून घ्यायला बसवलेलं काहीतरी वर्षभर पडून असतं आणि उघडलेल्या प्रत्येक पानात नाक खुपसत असतं. आपण ज्याचं नाव ओळखत नाही ते काढून टाका. काही अडलं तर परत बसवता येतं.

ब्राउझरची खिडकी बंद केली म्हणजे तो बंद झाला असंही नाही. क्रोम आणि एज या दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टिम या विभागात, ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीत कामं चालू ठेवण्याची परवानगी असते; ती काढून घ्या. एजमध्ये स्टार्टअप बूस्टही असतं. एज लवकर उघडावा म्हणून ते त्याचा काही भाग आधीच रॅममध्ये आणून ठेवतं. आपण एज वापरतच नसाल तर ते कशासाठी? क्रोमच्या परफॉर्मन्स सेटिंगमधला मेमरी सेव्हर आणि एजमधले स्लीपिंग टॅब्स मात्र चालू ठेवा. बराच वेळ न पाहिलेल्या टॅबकडून ते मेमरी काढून घेतात.

यादीत ‘वेबव्ह्यू२’ हे नाव पुन्हा पुन्हा दिसलं तर दचकू नका. तो व्हायरस नाही. टीम्स, नवं आउटलुक, विंडोज ११ मधली विजेट्स यांच्या आत एजचाच एक छोटा ब्राउझर दडलेला असतो, त्याचं ते नाव. तो थेट बंद करायच्या फंदात पडू नका. ज्या प्रोग्रामच्या पोटात तो आहे तो लागत नसेल तर त्या प्रोग्रामला सुट्टी द्या. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, डिफेंडर. तो दोन-तीनशे एमबी घेतोच. त्याच्या जोडीला दुकानदाराने दुसरा एखादा अँटिव्हायरस भरून दिला असेल आणि त्याची मुदत कधीच संपली असेल तर तो नीट अनइन्स्टॉल करा. मुदत संपलेला अँटिव्हायरस रक्षण धड करत नाही, रॅम मात्र खात राहतो.

पहिल्यापासूनच आकडा मोठा असेल तर टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप ॲप्स हे पान उघडा. लॅपटॉपबरोबर आपोआप उठणाऱ्यांची ही यादी. गेम लाँचर, प्रिंटरचा मदतनीस, न वापरलेला क्लाउड, मीटिंगचे प्रोग्राम: एकेकावर उजवं क्लिक करून डिसेबल करा. यामुळे प्रोग्राम काढला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. टचपॅड, आवाज किंवा पडद्याशी संबंधित नावं दिसली तर ती राहू द्या.

बऱ्याच लोकांचं काम इथेच संपतं. पण काहींचं नाही. सगळं बंद केलं, यादीत मोठं कोणी उरलं नाही, तरी मेमरी ८० टक्के. इथे बहुतेक सल्लागार हात टेकतात आणि फॉरमॅटचा विषय निघतो. खरं म्हणजे मजेशीर भाग इथून पुढे आहे.

प्रोसेसेसच्या पानावरचा मेमरीचा रकाना सगळी मेमरी दाखवतच नाही. तो दाखवतो ती त्या प्रोग्रामची खाजगी, फक्त त्याच्या एकट्याच्या वापरातली मेमरी. अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरलेली मेमरी, विंडोजच्या गाभ्याची मेमरी, ड्रायव्हरांनी घेतलेली मेमरी, यांतलं काही त्या रकान्यात येत नाही. म्हणून यादीची बेरीज आणि इन यूजचा आकडा कधीच जुळत नाहीत. तफावत असणारच. ती किती आहे आणि कुणाच्या नावावर आहे, हे शोधायचं.

परफॉर्मन्स, मेमरी हे पान पुन्हा उघडा. समजा लॅपटॉप ८ जीबीचा आहे आणि इन यूज ६.६ जीबी दिसतंय. प्रोसेसेसच्या यादीतल्या वरच्या वीसेक नावांची ढोबळ बेरीज करा, समजा २.९ जीबी आली. हिशेब न लागलेले उरले ३.७ जीबी. आता याच पानावरच्या एकेका आकड्याने ही तूट भरत जायचं.

इन यूजच्या शेजारी कंसात कॉम्प्रेस्ड असा एक आकडा असतो. मेमरी कमी पडायला लागली की विंडोज १० आणि ११ न लागणारा मजकूर लगेच डिस्कवर पाठवत नाहीत. आधी तो आवळून लहान करतात आणि रॅममध्येच ठेवतात. त्यामुळे ने-आण वाचते. विंडोज १० च्या सुरुवातीच्या काळात ही आवळलेली मेमरी ‘सिस्टिम’ या प्रोसेसच्या नावावर दिसायची आणि लोक घाबरून जायचे. आता ती यादीत दिसतच नाही, मग ‘गेली कुठे’ असा प्रश्न पडतो. तिच्यात वाईट काही नाही. आपल्या उदाहरणात ती ०.३ जीबी धरू. उरले ३.४.

त्याच आकड्यांच्या खाली पेज्ड पूल आणि नॉन-पेज्ड पूल हे दोन आकडे आहेत. पूल म्हणजे विंडोजच्या गाभ्याने आणि ड्रायव्हरांनी मिळून वापरायचा मेमरीचा साठा. पेज्ड पूलमधला मजकूर गरज पडली तर डिस्कवर नेता येतो. नॉन-पेज्डमधला कधीच नेता येत नाही, कारण तो क्षणाचाही विलंब न लागता हाताशी असावा लागतो. या साठ्यातून कोणी मेमरी अडवली की ती अडकलीच. समजा पेज्ड पूल ०.५ आहे आणि नॉन-पेज्ड १.९. वजा केले की उरतो १ जीबी. तेवढा विंडोजचा गाभा, सामायिक फाइली आणि बारीकसारीक नोंदींसाठी लागतोच.

हिशेब लागला, चोरही दिसला. नॉन-पेज्ड पूल साधारणपणे काही शे एमबीच असतो. घरगुती लॅपटॉपवर तो १ जीबीच्या वर गेला, आणि मुख्य म्हणजे दिवसागणिक वाढत असेल, तर एखादा ड्रायव्हर गळतोय असं जवळजवळ नक्की समजावं.

कोणता ड्रायव्हर, हे शोधायला एक साधी चाचणी आहे. आकडा लिहून घ्या, एखादी मोठी फाइल डाउनलोड करा किंवा तासभर व्हिडिओ बघा, आणि आकडा पुन्हा पाहा. डेटा जितका वाहिला तितका पूल फुगला तर संशय नेटवर्कवर: वायफायचा ड्रायव्हर, व्हीपीएन, इंटरनेटचा वेग ‘वाढवून’ देणारा लॅपटॉपसोबत आलेला एखादा प्रोग्राम, किंवा प्रत्येक पान तपासणारा बाहेरचा अँटिव्हायरस. नेट बंद ठेवून नुसत्या फाइलींची नकल केल्यावर फुगला तर अँटिव्हायरस किंवा डिस्कशी संबंधित ड्रायव्हरकडे बघा. संशयितांपैकी जे काढता येतं ते एकेक काढा, दर वेळी रीस्टार्ट करा आणि चाचणी पुन्हा करा. दोन गोष्टी एकदम बदलू नका; बरं झालं तरी कशाने झालं ते कळणार नाही.

ड्रायव्हर नवा बसवायचा तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्याच मॉडेलचा घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ अशी जाहिरात करणारे प्रोग्राम टाळा. त्यांनी बसवलेला चुकीचा ड्रायव्हर हेच कित्येकदा मूळ दुखणं असतं. एखाद्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या प्रॉपर्टीजमध्ये, ड्रायव्हर या पानावर, रोल बॅक ड्रायव्हर हे बटण असतं. ते जुना ड्रायव्हर परत आणतं.

नेमका ड्रायव्हर नावानिशी धरायचा असेल तर मायक्रोसॉफ्टचं पूलमॉन हे साधन आहे. पूलमधून मेमरी घेणारा प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा चार अक्षरांची एक खूण लावून ठेवतो. पूलमॉन या खुणा आणि प्रत्येकीच्या नावावर किती मेमरी आहे ते दाखवतं. हे साधन ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीच्या संचात येतं आणि काळ्या पडद्यावर चालतं, म्हणून सगळ्यांना ते आवडेलच असं नाही. घरात अभियांत्रिकी शिकणारं कोणी असेल तर त्याला किंवा तिला कामाला लावायला ही चांगली संधी आहे.

पूलही ठीक असेल आणि तूट तरीही मोठी असेल तर रॅममॅप घ्या. सिसइंटर्नल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनांपैकी हे एक. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या या साधनांचा संसार मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतला आणि तेव्हापासून ती तिच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात. बसवावं लागत नाही; उतरवून घ्या, उघडा, परवानगी द्या. पहिल्याच पानावर रॅमचा कोपरा न् कोपरा कुणाच्या खात्यात आहे हे रंगीत ओळींत दिसतं. ॲक्टिव्ह हा रकाना वाचा. स्टँडबाय म्हणजे लागली तर लगेच रिकामी होणारी मेमरी, तिची चिंता नको.

ड्रायव्हर लॉक्ड ही ओळ फुगलेली असेल तर बहुधा लॅपटॉपच्या पोटात दुसरा संगणक चालू आहे: व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइडचा एम्युलेटर, डॉकर किंवा विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल. संगणकाचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर हे सर्रास सापडतं. डब्ल्यूएसएल लॅपटॉपची निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं, आणि खिडकी मिटल्यावरही काही काळ धरून ठेवतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादा घालता येते. मोबाइलवर गेम खेळण्याऐवजी लॅपटॉपवर खेळायला म्हणून एम्युलेटर बसवला असेल तर तो सरळ काढा.

पेज टेबल ही ओळ काही शे एमबींच्या पुढे गेली असेल तर प्रकरण जरा विचित्र आहे. प्रोग्राम संपल्यावर त्याची नोंद पुसली जायला हवी, पण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने त्याचा धागा धरून ठेवला तर ती पुसली जात नाही. अशा मेलेल्या पण न गेलेल्या प्रोसेसला झाँबी म्हणतात. एकेक झाँबी किरकोळ जागा घेतो, पण ते हजारोंनी साचतात. क्रोमवर काम करणारे प्रोग्रामर ब्रूस डॉसन यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की त्यांच्या संगणकावरची कित्येक जीबी मेमरी अशाच झाँबींनी खाल्ली होती. दोष होता कार्यालयातल्या संगणकांची देखरेख करणाऱ्या एका प्रोग्रामचा.

हे तपासायला रॅममॅप लागतंच असं नाही. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावर रकान्यांच्या डोक्यावर उजवं क्लिक करून हँडल्स हा रकाना जोडा. हँडल म्हणजेच तो धरून ठेवलेला धागा. काही हजारांपर्यंत ठीक आहे. एखाद्या नावापुढे आकडा लाखांत असेल तर तो गुन्हेगार. तो प्रोग्राम बंद केला की अडकलेली मेमरी सुटते.

उलट तक्रारही असते: रॅम ८ जीबीची, पण वापरायला ५.९ च दिसते. मेमरीच्या पानावर हार्डवेअर रिझर्व्ह्ड हा आकडा पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये पडद्याचं काम रॅममधूनच भागवलं जातं, आणि एएमडीच्या काही लॅपटॉपवर त्यासाठी २ जीबी बाजूला काढून ठेवलेले असतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी दिसणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, काही मॉडेलांवर ते कमी करता येतात, सगळ्यांवर नाही. दुसरं कारण माणसाने केलेलं असतं. ‘लॅपटॉप फास्ट करा’ छापाचे व्हिडिओ बघून सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या बूट पानावर, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये, मॅक्सिमम मेमरी या चौकटीत खूण केलेली असते. त्या खुणेने मेमरी वाढत नाही. उलट तिथे लिहिलेल्या आकड्याच्या पुढची रॅम विंडोज वापरतच नाही. खूण काढा, रीस्टार्ट करा.

अशाच व्हिडिओंची दुसरी देणगी म्हणजे पेजिंग फाइल बंद करणं. पेजिंग फाइल ही डिस्कवरची ती जागा, जिथे रॅममधला मजकूर तात्पुरता ठेवला जातो. ती बंद केली की डिस्कची जागा वाचते, पण प्रोग्राम अचानक मिटायला लागतात आणि ‘मेमरी संपली’ असा संदेश येतो, तोही रॅम पूर्ण भरलेली नसताना. मेमरीच्या पानावर कमिटेड असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे विंडोजने प्रोग्रामांना कबूल केलेली एकूण मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजिंग फाइल मिळून कबूल करता येईल ती मर्यादा. पहिला दुसऱ्याला भिडला की प्रोग्राम पडतात. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये सगळं विंडोजवर सोपवणारी चौकट असते, तिथे खूण असू द्या. आणि सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका. पेजिंग फाइलला वाढायला जागा लागते.

व्हायरसची शंका सगळ्यांना सर्वांत आधी येते, म्हणून ती मुद्दाम उशिरा घेतली. तो असू शकतो, पण नुसती मेमरी भरणं हे त्याचं ठळक लक्षण नव्हे. डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅन आहे. लॅपटॉप रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. एकदा करून टाका आणि मन शांत ठेवा.

एवढं करूनही धागा सापडला नाही तर क्लीन बूट. स्टार्टमध्ये एमएसकॉन्फिग शोधून सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडा, सर्व्हिसेस या पानावर जा. सर्व्हिस म्हणजे खिडकी न दाखवता मागे चालणारा प्रोग्राम. आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व सर्व्हिसेस लपवण्याच्या चौकटीत खूण करा, आणि मगच डिसेबल ऑल दाबा. हा क्रम चुकला तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस बंद पडतील आणि नवीच डोकेदुखी उभी राहील. रीस्टार्ट केल्यावर आकडा सुधारला तर चोर बंद केलेल्यांतच आहे. निम्म्या चालू करा, पाहा. मग त्यातल्या निम्म्या. पाच-सहा फेऱ्यांत नाव हाती लागतं.

रॅम वाढवण्याची वेळ कधी येते? कुठेही गळती नाही, यादीत नेहमीचेच प्रोग्राम आहेत, आणि रोजच्या कामात कमिटेडचा पहिला आकडा लॅपटॉपच्या रॅमपेक्षा बराच मोठा राहतो, तेव्हा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर तो सतत १२-१३ दिसत असेल तर रॅम खरंच अपुरी आहे आणि पैसे सत्कारणी लागतील.

मात्र त्याआधी मेमरीच्या पानावर स्लॉट्स यूज्ड आणि फॉर्म फॅक्टर या दोन ओळी वाचा. ‘२ पैकी १’ असेल तर एक खोबण रिकामी आहे. फॉर्म फॅक्टरपुढे एसओडिम असेल तर रॅमची पट्टी बदलता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली आहे, आणि वेगळी खोबण नसेल तर ती वाढवता येणार नाही. पातळ लॅपटॉपमध्ये हे नेहमीचं झालं आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्ट्या एकमेकींच्या खोबणीत बसत नाहीत, म्हणून आपल्याकडे कोणती आहे हेही आधीच बघून ठेवा.

दुकानात जायचंच झालं तर मेमरीच्या पानाचा आणि रॅममॅपच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, सोबत तो आकड्यांचा कागदही. समोरच्याने त्याकडे न पाहताच ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हटलं तर लॅपटॉप परत घ्या आणि दुसरं दुकान बघा.